कानबाईची सीडी आणि काळे पट्टे

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं सुरतेत लूम चालवले, आता लिंबायतला घरी बसून आहे. हे मी बोलतोय आणि आमची सून वैशाली मोबाईलवर टाईप करतेय. मधल्या शिव्या ती गाळते. गाळू नको म्हटलं तरी ऐकत नाही.

तुमच्या या ग्रुपवरचे अनुभव ती मला वाचून दाखवते. कुणाला पिंपळावर बाई दिसली, कुणाला विहिरीतून हाक आली... मी हसतो. लूमच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या खात्यात, रात्रपाळीला भूत आहे म्हणणारे मला पन्नास भेटले. ते भूत म्हणजे त्यांची झोप असायची. देवालाही मी आमची ही हात जोडायला लावायची म्हणून जोडायचो. तेव्हा असल्या गोष्टी मानणाऱ्यातला मी नाही, हे आधी लिहून घ्या. आणि मी रागात आहे, तेही लिही गं वैशाली.

ही म्हणजे सिंधू, माझी बायको. मागच्या वर्षी गेली. दोन दिवस छातीत दुखत होतं, बोलली नाही. वर मला ज्वारीच्या भाकरी थापून घातल्या. तिसऱ्या दिवशी खलास. यावरही मला राग आहे, पण तो विषय वेगळा.

आमच्या घरात नऊ सीड्या होत्या. राजूचं — म्हणजे माझ्या मुलाचं — लग्न, नातीचं बारसं, असलं सगळं. लग्नाच्या सीडीत सिंधू आहे, पण ती काय सिंधू आहे? पार्लरवालीनं चुना लावलेला चेहरा, आजूबाजूला व्हिडिओवाल्यानं उडवलेले बदाम आणि फुलं. ती तशी कधीच दिसायची नाही. खरी सिंधू एकाच सीडीत होती. कानबाईच्या.

श्रावणात आम्हा खान्देशी लोकांत कानबाई बसते. नारळाला डोळे-नथ लावून देवी करतात, पाटावर बसवतात, भाऊबंद जमतात, दुसऱ्या दिवशी तापीत बोळवण. बारा-तेरा वर्षांमागे आमच्या घरी बसली होती. माझ्या साडूनं नवा कॅमेरा घेतला होता, त्यानं सगळं शूटिंग केलं. त्या वर्षी सिंधूचा पाय मोडलेला. बाथरूममध्ये पडली होती, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. म्हणून पूर्ण सीडीभर ती जमिनीवर बसलेली आहे. पाय लांब केलेला, मांडीवर परात, पुरणाचे गोळे करतेय, याला हाक मार, त्याला खेकस, एका बाजूनं हसतेय. घरातली साडी, कपाळावर पीठ. ती सिंधू.

आणि त्याच सीडीत आरतीच्या वेळी सगळे उभे राहतात, तेव्हा ही भिंतीला हात लावून उठायला बघते. तिथं माझा आवाज आहे. मी ओरडतोय, "ए सिंधे, बस खाली! मधे येशील, शूटिंग चालूय!" ती बसते. मुकाट्यानं बसते. ती गेल्यापासून ही जागा मी कितीतरी वेळा पाहिली. जुन्या प्लेअरवर पुढं-मागं करून पाहिली.

मग ती सीडी अडकायला लागली. उजेडात धरली तर कडेची चांदी सुटून बुडबुडे आलेले. राजू म्हणाला, "पप्पा, आणखी लावत बसलात तर संपून जाईल. दुकानात देऊन पेनड्राइव्हमध्ये काढून घेऊ."

उधन्याला एका बाईचं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. हेतलबेन. चाळिशीची, चष्मेवाली, बोलायला फटकळ. गुजराती-हिंदी मिसळून बोलते, मी मराठीत सांगतो. तिनं आम्हाला बसवलं आणि प्रश्न सुरू केले. कोणत्या फॉर्मेटमध्ये काढू? आवाजातली खरखर कमी करू का? सीडी जशी आहे तशी पूर्ण कॉपी वेगळी ठेवू का?

राजू म्हणाला, "एमपी-फोर करा. साईज छोटी ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आलं पाहिजे. पूर्ण कॉपी नको, फुकट जागा खाते."

मग ती माझ्याकडे वळली. "काका, जुनं चित्र चौकोनी आहे. तुमचा टीव्ही लांबट. जसं आहे तसं ठेवलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. पूर्ण टीव्हीभर पाहिजे तर वरून-खालून थोडं कापावं लागेल. काय करू?"

पट्टे!

आता माझ्यासारख्या माणसाला हा शब्द काय आहे ते तुम्हाला कळणार नाही. लूमवर ताण कमी-जास्त झाला, बाणा म्हणजे आडवा धागा चुकला, की कापडात पट्टा पडतो. पट्टा पडला की पीस रिजेक्ट, आणि शेठ चार माणसांत आईवरून बोलणार. चाळीस वर्षं मी पट्ट्याला भिऊन जगलो. झोपेतसुद्धा पट्टा दिसायचा. मी तिला म्हटलं, "पट्टे चालणार नाहीत. एकसुद्धा नाही."

"काका, पण खालचं कापलं जाईल हां."

"कापा. पण पट्टा नको."

चौकोनी रुमालातून लांब पट्टी काढायची तर वरचं-खालचं कापड जाणारच. हे पोराला कळेल. मी कापडात जन्म घालवला आणि मला कळलं नाही.

चार दिवसांनी पेनड्राइव्ह आला. रविवारची दुपार, राजू घरी होता. टीव्हीला लावला. चित्र मोठं, झक्क, टीव्हीभर. मी खुश. आणि मग बघतो तर सिंधू कुठाय? ती जमिनीवर बसलेली ना! खालचं सगळं कापलेलं. कुठे नुसता केसांचा भांग दिसतो. कुठे एक हात वर येतो, पुरणाचा गोळा देतो, परत खाली जातो. लोक वाकून हसत-बोलत आहेत, कुणाशी ते दिसतच नाही. उभे लोक सगळे आहेत. मला शिव्या घालणारा चुलतभाऊ आहे. फुकट जेवायला आलेला शेजारी आहे. ती नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसलो. हेतलबेन आली तसा सुटलोच. "माझ्या बायकोला कापलंत तुम्ही! कुणी सांगितलं होतं?"

ती पण काही ऐकून घेणारी नाही. "तुम्ही सांगितलं, काका! मी दोनदा विचारलं. पूर्ण कॉपी ठेवू का तेही विचारलं, तुमच्या दीकरानं, या राजूभाईनं, नाही म्हटलं. काम झाल्यावर आम्ही आमच्याकडचं डिलीट करतो."

"मग पुन्हा काढा!"

तिनं सीडी मशीनमध्ये घातली. मशीन घरघरलं, बाहेर फेकलं. दुसऱ्या मशीनमध्ये घातली. तिसऱ्या. मग तिनं चष्मा काढला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, आता नाही वाचत. मागच्या वेळी वाचली, तीच शेवटची."

मी तिला काय काय बोललो ते वैशाली लिहिणार नाही. घरी येऊन राजूलाही बोललो. "जागा खाते म्हणे! तुझ्या आईला ठेवायला जागा नव्हती का तुझ्याकडे?" तो जेवणावरून उठून गेला. खरं तर त्याचं काय चुकलं? पट्टा नको म्हणणारा मी.

पुढचा रविवार आला. लूम बंद, गल्लीत शांतता. मी एकटाच टीव्हीसमोर बसलो आणि तीच कापलेली कानबाई लावली. का लावली? माझा ओरडण्याचा आवाज तरी ऐकू, म्हणून. स्वतःला शिव्या द्यायला बरं पडतं.

आरती आली. सगळे उभे राहिले. टाळ्या, झांजा, कुणाचं काही ऐकू येत नाही. त्यात माझा आवाज आला, "ए सिंधे, बस खाली! मधे येशील, शूटिंग चालूय!"

आणि सिंधू उठली.

खालून डोकं वर आलं. मग कपाळ, पिठाचा डाग तसाच. मग खांदे. माझी चुलत वहिनी आणि साडूची बायको यांच्या मधे ती सरळ उभी राहिली, पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागली. कॅमेऱ्याच्या शेजारी तेव्हा मी उभा होतो. म्हणजे माझ्याकडे.

मी राजूला हाक मारली. बहुतेक ओरडलोच. तो धावत आला, बघितलं आणि रिमोट घेऊन तिथं थांबवलं. "पप्पा... आई उभी आहे."

"पहिल्यांदा लावली तेव्हा होती?"

"नाही." तो खाली बसला. "आरतीला आई कुठे उभी होती? पायाला प्लास्टर होतं ना. मीच तर उचलून बसवायचो."

"चालू कर," मी म्हटलं. त्यानं चालू केलं. सिंधूचे ओठ हलले.

इथं एक सांगावं लागेल. लूमच्या खात्यात एवढा आवाज असतो की कानाशी ओरडलं तरी कळत नाही. तिथं सगळे ओठांवर बोलतात. आवाज न काढता, तोंड मोठं करून. सिंधू आमच्याच खात्यात बॉबिन भरायला यायची. आमचं सगळं तिथं ओठांवरच जमलं. लग्नानंतर पोरं झोपली की भांडायचोही तसंच, गुपचूप. राजूला ही भाषा येत नाही. मला येते.

ती म्हणाली, "नही बठस मी. जाय."

आमच्या अहिराणीत. नाही बसत मी, जा.

नंतर आरतीभर उभी राहिली. नुसती उभी. आरती संपली आणि लोकांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

साडूला बोलावलं. ज्यानं शूट केलं तोच. तीन वेळा बघितलं, चहा तसाच ठेवला. "एकच कॅमेरा होता, दाजी. अन ताई उठलीच नव्हती. मी काय आंधळा होतो का?" मी म्हटलं, पायाकडे बघ, प्लास्टर आहे का. पण पाय दिसतात कुठे? खालचं तर मीच कापायला लावलं.

हेतलबेनकडे नेलं. भांडण विसरून तिनं पेनड्राइव्ह लावला, चित्र मोठं करून पाहिलं, आकडे-बिकडे तपासले. फाईल तिनंच बनवली होती, तारीख-वेळ तीच, कुणी हात लावलेला नाही. मग म्हणाली, "कापी शकाय काका, उमेराय नहीं." म्हणजे कापता येतं, वाढवता येत नाही. जे चित्रात नाही ते कुठलीच सेटिंग आणून उभं करत नाही.

बाकीच्या आठ सीड्या मी जशाच्या तशा काढून घेतल्या. पूर्ण चित्र, पूर्ण कॉपी, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. पडू दे पट्टे. हेतलबेननं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्यावर खेकसलो, आणि ती हसली.

काही जण म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग राजूचं फिरलं? साडूचं? एक जण म्हणाला, वहिनींना शांती मिळाली नाही, काहीतरी विधी करा. त्याला मी दारातून हाकललं. शांती कसली? तिला उठायचं होतं, ती उठली. मला याचाच राग येतो. एवढं उठता येत होतं तर तेव्हा का नाही उठली? छातीत दुखत होतं तेव्हा का नाही उठून ओरडली? जन्मभर मी बस म्हटलं की बसली, आणि आता, मी हात धरू शकत नाही तेव्हा, उभी राहते!

हे कसं झालं ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि कुणी समजावायला येऊही नका. रविवारी दुपारी मी ते लावतो. माझा ओरडण्याचा आवाज येतो, ती उठते, बोलते. मग मीही बोलतो. आवाज न काढता, तोंड मोठं करून, तिला लांबून कळावं असं.

बसू नको.