मासोळी गिळली म्हणून ओरडली मी

लेकराचा आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळे पांढरे, अन् आवाज नाई. माझ्या हातचं सूप पडलं, ज्वारी आंगणभर झाली, अन् मी ओरडली, "मासोळी गिळली! माय वं, पोरानं मासोळी गिळली!"

सासूबाई धावत आल्या. त्यायनं पह्यले माझ्या पायाकडं पाह्यलं. एका पायाचं बोट उघडं होतं. पायातली चांदीची मासोळी ढिली झालती, मी ती सकाळीच काढून कोनाड्यात ठेवलती.

"कितीक वेळा सांगतलं, सोनाराले दाखव म्हणून! आता गेली ना चांदी पोराच्या पोटात!" असं म्हणत त्यायनं देवापुढचं केळ घेतलं, अन् कुस्करून त्याचा गोळा केला. केळाच्या गोळ्यासंगं चांदी खाली उतरते, असं आमच्याकडं करतेत.

मी काय ओरडली अन् त्यायनं काय आयकलं!

माझे दीर जहाजावर खलाशी. कालच घरी, नाचणगावले आले, तं बाटलीत खरीखुरी मासोळी घेऊन आले. बोटाच्या पेराएवढी, हिरवी, आंगावर केशरी ठिपके. स्पिरिटात बुडवलेली. म्हणे, "वहिनी, समुद्रात पोवळ्याची झाडं असतेत, दगडाची. ही त्याच फांद्यायत राह्यते, तेच खाते. मोठा मासा आला का फटीत घुसते अन् पाठीवरचा काटा उभा करते. मंग कोणाच्या बापाले निघत नाई."

मी म्हटलं, "भाऊजी, माझी जाव येईल तं अशीच असन, घरात घुसली का निघणार नाई."

"तुमची जाव कुठली? अजून बायको नाई मले!" असे हासले ते. मी जीभ चावली.

आज शेजारणीले दाखवाले भाऊजीनं ती बाटलीतून बाहेर काढली, पानावर ठेवली, अन् हात धुवाले विहिरीवर गेले. पोरगं रांगत रांगत तिथं गेलं, अन् ती उचलून तोंडात घातली.

माझी ओरड आयकून ते पळत आले. दुरूनच म्हणे, "ओढू नका वहिनी! काटा अजून रुतन! मोठ्या काट्याच्या मागं बारका काटा हाय, तो दाबा, मोठा आपोआप पडते!"

अन् इकडं सासूबाईचा गोळा पोराच्या ओठाले लागला. "चांदी नाई हो, बाटलीतली!" म्हटलं मी, पण त्या घाईत त्यायले कुठं आयकू येते? पोराचे ओठ निळे पडून राह्यलते. मी दोन्ही हातानं त्यायले ढकललं. त्या घडवंचीवर आपटल्या.

मी बोट घातलं. टाळूले रुतलेलं काहीतरी खरखरीत लागलं. चाचपलं, बारकं टोक दाबलं, अन् मोठा काटा आडवा झाला. मासोळी बोटासंगं बाहेर आली. रगत आलं. मंग पोरगं रडलं. असं रडलं का मी त्याले छातीशी धरून तिथंच बसली.

सासूबाईचा कोपर सुजला. माझ्या हातचं पाणी त्या घेत नाईत. येईल त्या बाईले सांगतेत, "सुनेनं सासूले ढकललं, असं कधी आयकलं का?" मालक म्हणतेत, पाय धरून माफी माग. मी पाय धरले. तरी त्या तोंड फिरवतेत.

अजूनही पोरगं झोपलं का त्याच्या नाकापाशी बोट धरतो मी.

त्या टायमाले सासूले समजावत बसाले पाह्यजे होतं, का ढकललं तेच बरं? तुम्ही पण लेकरावाल्या आहा. तुमच्या लेकराचे ओठ निळे पडले असते, तं तुम्ही काय केलं असतं?