कापलेल्या वेसणी

इंग्रजांनी मला फसवलं आणि मी बिलोलीकडच्या एका विधवेला फसवलं. तिनं कुणालाच फसवलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं माझ्या हुशारीच्या गोष्टी येतील आणि वाचणाऱ्याला वाटेल की यात माझंच नुकसान झालं.

मी हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी. बाप दुसऱ्यांची गुरं वळायचा. मी एका लंगड्या गोऱ्ह्यापासून धंदा उभा केला आणि चाळिशीच्या आत लातूरपासून नांदेडपर्यंतच्या बाजारांत माझ्याशी सौदा करायला माणसं ताटकळू लागली. आमचा भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. वर एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या, खाली बोटं आपलं काम करतात. समोरच्याच्या बोटांना घाम आला की मला कळायचं, हा आता वाकणार.

निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस संशयी असतोच. शिपाई हसून बोलला की आम्ही दाराला कडी लावायचो. तहसिलीत अर्ज घेऊन गेलं की दिवसभर उभं राहायचं. त्यामुळे हद्दीपलीकडचा, बार्शीकडचा इंग्रजी मुलूख आम्हाला न्यायाचं घर वाटायचा. एकदा तिथल्या नाक्यावर एका कारकुनानं मला "बसा" म्हटलं. आमच्याकडे सरकारी माणसानं मला कधी बसा म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर मी विकला गेलो.

उरलेलं काम लातूरच्या एका गुरुजींनी केलं. ते शाळेत शिकवायचे, संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. म्हणायचे, "आप्पा, इथं हुकूम आहे, तिथं कायदा आहे. अर्ध्या जगावर राज्य करणारं राष्ट्र शब्द मोडत नाही. त्याला गरजच काय खोटं बोलायची? थोर म्हणतात ते उगीच नाही."

मला ते पटलं. ज्याच्याकडे भरपूर आहे तो चोरी कशाला करील, असं मला वाटायचं. धंद्यात उलटंच पाहिलं होतं, तरी वाटायचं.

युद्धाच्या वर्षांत एका उन्हाळ्यात वैरण संपली. बिलोलीकडची ती बाई आपली लाल कंधारी जोडी घेऊन लोह्याच्या बाजारात आली. चौदा कोस चालत. दोन्ही बैल जुळलेले, खांद्याला घट्टे, शिंगं एका मापाची. नाकात नव्या वेसणी, तिनं स्वतः वळलेल्या, आणि गाठीला निळ्या लोकरीचा गोंडा.

"आप्पा, भाव तुमी कराल तो," ती म्हणाली. "पन जुंपनाऱ्याच्याच हातात द्या. दुसऱ्याला द्यायचे असतील तर आत्ताच सांगा, मी माघारी नेते."

"माघारी नेऊन काय घालशील, माय? शेजाऱ्याचं छप्पर?"

"माझ्या छपराचं गवत खाऊन सरलं कवाच. माझ्या डोळ्यापुढं मरतील. पन जुंपनाऱ्यालाच द्या."

मी शब्द दिला. आमच्याकडे बैल विकला तरी दावं विकत नाहीत. विकणारा ते घरी घेऊन जातो, म्हणजे गोठा रिकामा झाला तरी मोडत नाही. तिनं दोन्ही दावी सोडून खांद्यावर टाकली. वेसणी मात्र तशाच राहू दिल्या. वेसण बैलाबरोबर जाते, कारण नव्या धन्याला तो जुंपायचा असतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात फौजेसाठी बैल घेणारा एक गोरा साहेब आला. बरोबर हैदराबादचा मुन्शी. मी सवयीनं उपरणं पुढं केलं. साहेबानं हात मागं घेतला.

मुन्शी म्हणाला, "साब बोलते, हमारी कौम छुपाके सौदा नई करती. खुल्ला बोलो."

बाजार हसला. मला लाज वाटली, आमच्या रिवाजाची. मी त्या लाल जोडीचा खुला भाव सांगितला, तोही फुगवून. साहेबानं मान डोलावली. घासाघीस नाही, शिवी नाही. मी विचारलं, "जुंपायलाच घेता ना?" मुन्शीनं विचारलं, साहेबानं पुन्हा मान हलवली. "हां बोलते. अंग्रेज की जबान है."

जाताना मुन्शी हळूच म्हणाला, "सेठ, सौदा इत्ता जल्दी पट गया, तुमकू शक नई आया?"

मी हसलो. म्हटलं, तुमच्या साहेबाला बैलातलं कळत नाही, त्यात माझा काय दोष? कारण मी पाहिलं होतं. साहेबानं दात उघडून पाहिले नाहीत. खूर पाहिले नाहीत, चाल पाहिली नाही. फक्त मागच्या पुठ्ठ्यावर आणि पाठीवर हात दाबून पाहिला. मी लोह्याच्या बाजारातला सगळ्यात चलाख माणूस, आणि माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही की बैल जुंपायचा नसेल तर दात आणि चाल बघायचं कारणच नाही.

चौथ्या दिवशी मी कामासाठी नांदेडला गेलो. स्टेशनाजवळ बैल डब्यांत चढवत होते. फळीच्या तोंडाशी एक माणूस विळा घेऊन बसला होता. प्रत्येक बैल आला की त्याची वेसण कापायची, बाजूला टाकायची, बैल आत. शेजारी वेसणींचा गुडघाभर ढीग झाला होता.

"अरे, वेसणी का कापतोस?"

"तिकडं लागत न्हाईत म्हनतेत."

मी ढिगात हात घातला. निळ्या गोंड्याच्या दोन्ही सापडल्या, त्या मी उपरण्यात बांधल्या. जुंपायच्या बैलाची वेसण कुणी काढत नाही. फौजेला बैल खायलाच हवे होते.

साहेब तिथंच उभा होता. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुन्शीनं त्यातलं किती सांगितलं कोण जाणे. उत्तर आलं, "साब बोलते, जंग है. माल सरकार का है." बाजारातच मुन्शीनं चुकीचं सांगितलं असेल, असंही मी पुढं वर्षभर स्वतःला समजावून पाहिलं. पण साहेबाची मान मी माझ्या डोळ्यांनी हललेली पाहिली होती.

पुढच्या बाजाराला बाई आली. "कुठं जुंपलेत, आप्पा?"

"रस्त्याच्या कामावर," मी म्हणालो. "बरं चाललंय त्यांचं."

"वैरन घालतेत ना?"

"हाव, पोटभर."

ती खूश होऊन गेली. तेव्हापासून मी बिलोलीची वाट टाळतो.

आता निजाम गेला, इंग्रजही गेला. गुरुजी नांदेडला मुलाकडं राहतात, सभांना जातात, आणि अजून म्हणतात, ते राष्ट्र थोर होतं. मागच्या महिन्यात मी वेसणी त्यांच्यापुढं टाकल्या. ते चष्मा पुसत म्हणाले, "आप्पा, मोठ्या राष्ट्राचा हिशेब दोन बैलांवर होत नाही."

मी आयुष्यभर बळ पारखलं आहे. ज्या बैलाच्या अंगात बळ आहे आणि जो दिसेल त्याला शिंग लावतो, त्याला आमच्या बाजारात कुणी थोर म्हणत नाही, मारका म्हणतात. लेकरू पोटाखालून गेलं तरी जो पाय उचलत नाही, त्याचं बळ आम्ही मोजतो. निजामाचा शिपाई निदान लुटताना न्यायाचं नाव घेत नव्हता. म्हणून त्याचा मला एवढा राग येत नाही.

गुरुजी, ती बाई अजून आहे. तिच्या गोठ्यात खुंटीवर ती दोन दावी अजून टांगलेली आहेत, असं तिकडचा माणूस सांगतो. मी वेसणी घेऊन जाणार आहे आणि माझं खोटं कबूल करणार आहे. मला ती जोड्यानं मारील, मारू दे. पण तुम्ही माझ्याबरोबर यायचं. मी वेसणी तिच्या हातात दिल्यावर तुम्ही तिच्यासमोर उभं राहायचं आणि थोर कशाला म्हणतात ते तिला समजावून सांगायचं. शुक्रवारी सकाळची बस आहे. येता की नाही, ते तोंडानं सांगा. मान हलवलेली मला चालणार नाही.