राजाचे दोन सदरे

इथे परदेशात, पार्सिपनीत, आमच्या मराठी मंडळाची जेवणं उरकली, की मी खुर्ची ओढून इंग्लंडचा इतिहास सांगायला बसतो. सांगतो कसला, करूनच दाखवतो. आजवर किती राण्या माझ्या हातून मेल्या, देव जाणे. सगळ्यात रंगायचा तो शिरच्छेद झालेला राजा. दिवस कडाक्याच्या थंडीचे. आपण कुडकुडलो तर लोक म्हणतील घाबरला, म्हणून मरायला जाताना त्याने दोन सदरे घातले. खरी गोष्ट एवढीच. मी मात्र त्याला दोन सदऱ्यांतही लटलटा कापायला लावायचो. हशा ठरलेला.

मंडळातले फक्त एक काका हसायचे नाहीत. निवृत्त सर्जन.

"राजा कापला नाही रे. उगाच त्याची अब्रू काढू नकोस."

"काका, न कापणाऱ्या राजाला टाळ्या कोण देणार?"

"नाटक्या!"

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. डायलिसिस बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. मुलगी दुपारी अ‍ॅशबर्नहून ड्राइव्ह करत येणार होती. तिला ते सांगायचं होतं. "तू नुसता शेजारी बस. तोंड उघडायचं नाही."

मी पोचलो. घरात हीटर जोरात चालू, तरी काकांनी शर्टावर शर्ट चढवलेला. आतली कॉलर डोकावत होती. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"हल्ली सारखी थंडी वाजते. तिला वाटेल, बाबा घाबरलाय." मग डोळे मिचकावून म्हणाले, "तुझा राजा कापतो. माझा नाही कापणार."

मुलगी आली. कोटसुद्धा न काढता तिने सगळं ऐकलं.

"बाबा, यू कान्ट जस्ट डिसाइड!"

"केलंय डिसाइड, बेटा."

आवाज स्थिर, हातही स्थिर. ती उठून त्यांना बिलगली आणि एकदम मागे सरली. "व्हाय आर यू वेअरिंग टू शर्ट्स?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचार."

आयुष्यात पहिल्यांदा मी ती गोष्ट हात मांडीवर ठेवून सांगितली. चार वाक्यांत संपली. राजा कापला नाही.

"पण वॉज ही स्केअर्ड?" तिने मला विचारलं.

मी काकांकडे पाहिलं.

"होता," काका म्हणाले. "खूप घाबरला होता."

टेबलावरचा त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी तो लपवला नाही. तिने तो आपल्या कोटाच्या बाहीत ओढून घेतला.