रेखाताईंचा निरोप, जसाच्या तसा

"ऑल वेल लिख," मल्लेश सर म्हणाले.

माझ्या कानावर हेडफोन होता, हातात पेन होतं आणि सरांचं बोट माझ्या पॅडवर होतं. समोर टेबलाच्या पलीकडे नवे मोठे साहेब, त्यांच्या बाजूला आठ-दहा अधिकारी. पावसाळ्याआधीचं मॉक ड्रिल चालू होतं. म्हणजे पूर आला असं समजून सगळ्यांनी आपापलं काम करून दाखवायचं. माझं काम वायरलेसचं. गावातून आलेला निरोप लिहून घ्यायचा आणि साहेबांना वाचून दाखवायचा.

गावातून निरोप आला होता. त्यात ऑल वेल कुठेच नव्हतं.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. नावाने काही फरक पडत नाही, असली ऑफिसं सगळीकडे सारखीच. मी तिथे एका एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर वायरलेस टेक्निशियन होतो. मल्लेश सर एजन्सीचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही. साहेबांसमोर मात्र त्यांना फक्त गोड निरोप चालायचे.

तेव्हा तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे नुकतेच झाले होते. जिल्हा वाटला म्हणजे नुसता नकाशा वाटला नाही. खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली, जीपा वाटल्या, माणसं वाटली. वायरलेस सेटही वाटले. काही निर्मलला गेले, काही मंचेरियलला, काही आसिफाबादला. उरलेल्यांत सगळे पॉइंट बसेनात. पॉइंट म्हणजे जिथे सेट आणि बोलणारा माणूस असतो ती जागा. एक पॉइंट कमी करायचा ठरलं आणि बोट गेलं करंजगुड्यावर. नार्नूरच्या पुढे, डोंगराच्या पोटातलं गाव. मोबाइलला रेंज नाही. नाल्याला पाणी आलं की गाव तुटतं. तिथला सेट काढून मावल्यात ठेवायचा होता. मावला शहराला चिकटून, मोबाइल सगळ्यांच्या खिशात. तिथे वायरलेस कशाला? तर साहेबांच्या गाडीच्या रस्त्यावर आहे, तपासणीत दिसतो.

कारण मात्र वेगळंच सांगितलं. करंजगुडावाले मराठीत बोलतात, लँग्वेज प्रॉब्लेम आहे. चार पिढ्या इथे कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या माणसांची भाषा प्रॉब्लेम झाली. पूर आला तर पाण्यालाही आधी भाषा विचारणार होते की काय? कॉलेजात असताना मी सीमेवरच्या गावांना बस मिळावी म्हणून पत्रकं लिहून बसस्टँडवर वाटायचो. असली कारणं मला तोंडपाठ आहेत. मी मल्लेश सरांशी भांडलो. शेवटी एवढं कबूल झालं की ड्रिलमध्ये करंजगुड्याला एक संधी द्यायची. निरोप नीट आला तर सेट राहील, गडबड झाली तर दुसऱ्या दिवशी जीप जाऊन सेट घेऊन येईल.

आता थोडं रेडिओबद्दल. मी हॅम आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, मग स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलायचं. पैसे मिळवायला नाही, शौक म्हणून. मला हा शौक शाळेत असताना लागला आणि सुटला नाही. पुढे मोबाइल टॉवरच्या कामासाठी मस्कतला गेलो, तिथून दारेसलामला. दोन्हीकडे बॅगेत कपडे कमी आणि वायरी जास्त. कस्टमवाल्यांनी दोन्हीकडे अडवलं.

हॅमला कॉलसाइन असतं. रेडिओवरचं नाव म्हणा. ते देश देतो. भारतात माझं व्हीयूने सुरू होतं. मस्कतला तिथलं वेगळं मिळालं, आफ्रिकेत आणखी वेगळं. तू कुणाच्या जातीचा, घरी काय बोलतोस, हे कोणी विचारत नाही. ज्या जमिनीवर उभा आहेस तिथलं नाव घे आणि बोल. परदेशात मला हे सहज मिळालं. माझ्या जिल्ह्यात मात्र आजही विचारतात, तुम्ही महाराष्ट्रातले का?

मस्कतच्या क्लबात हमूद नावाचे म्हातारे ऑपरेटर होते. ते नव्या माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावायचे. दुसऱ्याचा निरोप घेतला की तो बोलणाऱ्यालाच वाचून दाखवायचा. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत निरोप तुमच्याकडे आलेलाच नाही. आणि एकदा 'बरोबर' म्हटलं की त्यातला शब्द तुमचा नाही. चूक असला तरी नाही, कडू असला तरी नाही. दारेसलामात वेगळी माणसं, वेगळी भाषा, पण रीत हीच. ही रीत मी आदिलाबादला आणली आणि करंजगुड्याच्या रेखाताईंना शिकवली.

रेखाताई गावच्या आशा कार्यकर्त्या. ऑफिसने पूरकाळासाठी आम्हा हॅम लोकांची मदत मागितली तेव्हा त्यांनीही परीक्षा दिली. सेट ऑफिसचा, लायसन्स त्यांचं. मला त्या अविनाशभाऊ म्हणतात आणि माझी चूक झाली की सेटवरच टोमणा मारतात.

ड्रिलचा कागद सगळ्या पॉइंटना आधीच दिला होता. सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं: पाणी वाढतंय, लोक सुरक्षित, सगळं ठीक. एकेका पॉइंटवरून हेच आलं. साहेब मान हलवत होते. मग मी करंजगुड्याला हाक मारली.

"अविनाशभाऊ, तो कागद माह्याजवळ हाये," रेखाताई म्हणाल्या. "पण त्यातलं मी बोलणार नाई. माहा निरोप घ्या."

मी म्हटलं, "सांगा."

"घ्या लिहून. करंजगुड्याच्या नाल्यावरचा पूल मागच्या पावसाळ्यात वाहून गेला. अजून झाला नाई. पाणी आलं का आमी बाळंत होणाऱ्या बाईले खाटेवर टाकून, चार माणसं छातीएवढ्या पाण्यातून नेतो. यंदा गावात तीन बाया दिवसात हायेत. पूल नाई होत, तर निदान सेट नेऊ नका. संपला निरोप."

मी लिहिलं. मग रीतीप्रमाणे शब्दन् शब्द त्यांना वाचून दाखवलं. हॉलमध्ये सगळ्यांना माझा आवाज ऐकू जात होता. मराठी कळणारे दोघे-तिघे खाली बघायला लागले. त्यात ज्यांच्याकडे पुलाचं काम होतं ते इंजिनिअरही होते.

"बरोबर," रेखाताई म्हणाल्या. "फक्त छातीएवढं म्हन्लं मी, तुमी छातीभर म्हन्लं. दुरुस्त करा."

मी दुरुस्त केलं. त्याच वेळी सरांचं बोट पॅडवर आलं. ऑल वेल लिख.

"उसने वो नहीं बोला, सर."

"ड्रिल है रे बाबा. सच्ची का पूर थोडी आया? गाव कू बचाना है ना तेरे कू? ऑल वेल बोल, सेट वहीच रहेगा. मैं बोल रा हूँ ना."

इथे एक क्षण मी थांबलो, हे सांगायलाच हवं. सर खोटं बोलत नव्हते. गोड निरोप दिला तर सेट राहिला असता. खरा दिला तर गडबड झाली म्हणून जीप निघाली असती. पण तीन बायांचा निरोप माझ्या हातात होता आणि बोलणारीने 'बरोबर' म्हटलं होतं. तो आता माझा नव्हता. सरांचाही नव्हता.

"बदलणार नाही," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं.

साहेबांचं लक्ष गेलं. "एमंटुंदि आमे?" ती काय म्हणतेय, असं त्यांनी तेलुगूत विचारलं. मल्लेश सरांनी पटकन सांगितलं की सगळं ठीक आहे म्हणतेय, सर, थोडा लँग्वेज प्रॉब्लेम आहे.

मी उभा राहिलो. निरोप आधी मराठीत वाचला, जसा आला तसा. मग म्हटलं, आता याचं तेलुगू मी करतोय, त्यात चूक निघाली तर ती माझी, बाईंची नाही. आणि तेलुगूत सांगितला. खाट सांगितली, छातीएवढं पाणी सांगितलं. सेट काढायला जीप ठरली आहे, हे निरोपात नव्हतं म्हणून सांगितलं नाही.

साहेब खूश झाले असं कोणी समजू नये. त्यांचा चेहरा कडक झाला. आधी मला विचारलं, ड्रिलचा कागद मिळाला नव्हता का? मी म्हटलं, मिळाला होता, सर. मग ते इंजिनिअरकडे वळले. इंजिनिअर म्हणाले, तो रस्ता आता कुठल्या जिल्ह्याकडे येतो ते अजून स्पष्ट नाही. साहेबांनी माझ्याकडे हात केला आणि माइक मागितला.

"आमे पेरेंटि?" नाव काय तिचं?

मी सांगितलं. साहेब माइकमध्ये हिंदीत म्हणाले, "रेखा मॅडम, आपका मेसेज मिला. सेट नहीं निकालेंगे."

तिकडून आवाज आला, "वाचून दाखवा, साहेब."

मी साहेबांच्या जवळ वाकून समजावलं की रीत अशी आहे, निरोप परत बोलून दाखवावा लागतो. मग पॅड पुढे ओढून, मराठी अक्षरं अडखळत लावत, साहेबांनी तिच्या निरोपाची शेवटची ओळ वाचली.

"बरोबर," रेखाताई म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात. एजन्सीने माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण लेखी दिलं नाही. मल्लेश सर चहा पाजून म्हणाले, "तेरे कू बोला था मैं." बोलले होते. मी त्यांना म्हटलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि गेले.

पूल झाला नाही. नाल्यात पाइप टाकले आणि वर मुरूम टाकला. पहिल्याच मोठ्या पाण्यात मुरूम गेला, पाइप राहिले. मी त्यावर पत्रक काढलं आहे, हवं त्याने मागावं.

सेट मात्र करंजगुड्यातच आहे. साहेबांची बदली झाली, नवे आले, तेही गेले. ज्या पॉइंटशी मोठे साहेब स्वतः बोलले तो पॉइंट उचलायची हिंमत खालच्या कोणाचीच होत नाही. त्या पावसाळ्यात तिन्ही बायांना पाणी चढायच्या आधी हलवता आलं, कारण रेखाताईंनी वेळेवर हाक मारली आणि यावेळी गाडी आली.

मी आता टीव्ही आणि मोटारी दुरुस्त करतो. छतावर माझी अँटेना आहे. दर रविवारी रेखाताईंशी बोलतो. एजन्सीने कॉन्ट्रॅक्ट काढून घेतलं, कॉलसाइन काढून घेणं त्यांच्या हातात नव्हतं.

तीन देशांत रेडिओ करून मला एवढंच कळलं. निरोप गोड करून देणारे ऑफिसात पुष्कळ असतात, त्यांना पगारही मिळतो. जसाच्या तसा देणारा एखादाच असतो. त्याने दुसऱ्या कामाची सोय आधी करून ठेवावी, पण शब्द बदलू नये.