जेलीतली चौथी वस्तू

तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की फोटॉनबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. आपल्या विषयाच्या नावानं टोपणनाव पडायला नशीब लागतं, असं ती नवऱ्याला सांगायची.

तिचं ऑफिस हॉस्पिटलच्या तळघरात होतं. एक्स-रे आणि सीटीची मशीनं नीट चालताहेत ना, किरण भिंतीतून बाहेर झिरपत नाहीत ना, हे तपासणं तिचं काम. ती दारं, भिंती, काचा मोजत फिरायची. मशीनं आज्ञाधारक होती, पण त्यांच्याशी गप्पा थोड्याच मारता येतात! म्हणून तिचा सगळा जीव सोमवार सकाळच्या एका तासात अडकलेला असे. त्या तासाला ती रेडिओलॉजी शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना फिजिक्स शिकवायची. चित्र कसं तयार होतं, का बिघडतं, आणि कधी चक्क खोटं बोलतं.

हा तास मुळात तिच्या गळ्यात पडला होता, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं फळा समीकरणांनी भरून टाकला. मागे वळून पाहिलं तर निम्मा वर्ग माना टाकून बसलेला. घरी येऊन तिनं पर्स सोफ्यावर आपटली. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणाला, "आमच्या उस्तादानं पहिल्या दिवशी गणित नाही शिकवलं. मोटारीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, घाल हात."

मग तिनंही झाकणं उघडायला सुरुवात केली. टॉर्चसमोर बोटं धरून सावलीची कड का धूसर होते ते दाखवलं. आणि सोनोग्राफीसाठी काढली जेली.

ही तिची खास युक्ती. जिलेटिन उकळायचं, आत वस्तू लपवायच्या आणि वरून काही दिसू नये म्हणून गडद रंग घालायचा. सोमवारी निवासी डॉक्टरांनी पोटावर फिरवतात तो प्रोब जेलीवर फिरवून आत काय आहे ते ओळखायचं. नुसती जेली पडद्यावर काळीकुट्ट दिसते. लिव्हरसारखी रवाळ दिसावी म्हणून तिच्यात इसबगोल मिसळायचं. ते सासऱ्यांचं. त्यामुळे या उद्योगात बाबांची भागीदारी आपोआपच ठरलेली होती.

सगळं बरं चाललेलं असताना विभागप्रमुखांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, एक कंपनी रेकॉर्ड केलेली लेक्चर्स देतेय. फिजिक्सची अख्खी मालिका. ग्राफिक्स एकदम झकास. पोरं सवडीनं बघतील, सोमवारी सकाळी कामाला मोकळी होतील. तुमचाही वेळ वाचेल."

"मला वेळ वाचवायचा नाहीये, सर."

प्रमुख हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असे. "असं करू. या सोमवारी मी वर्गात बसतो. मग ठरवू, तास ठेवायचा की नाही."

रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात पातेलं चढलं. बाबा डाव घेऊन ढवळत होते आणि डब्यातून इसबगोल टाकत होते.

"आज लिव्हर जरा घट्ट होऊ दे," ते म्हणाले. "मागच्या वेळी फार डुलत होतं."

"बाबा, गुठळ्या होऊ देऊ नका. गुठळ्या गाठींसारख्या दिसतात."

"सून मला ढवळायला शिकवतेय!" बाबांनी नातीकडे बघून डोळा मारला.

नवऱ्यानं फ्रिज उघडला आणि लगेच बंद केला. "या घरात पाण्याच्या बाटलीला जागा नाही, पण लिव्हरला आहे."

तिनं स्वतःच्या हातानं तीन वस्तू आत सोडल्या. काचेची गोटी, पाणी भरून गाठ मारलेलं हातमोज्याचं बोट आणि पेनाची रिकामी नळी. तास गेला तर पगार तोच राहणार होता, काम कमीच होणार होतं. पण मग सोमवार आणि गुरुवार यांत फरक काय उरणार?

सोमवारी प्रमुख मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. सगळे निवासी डॉक्टर लग्नाच्या फोटोतल्यासारखे ताठ. अपवाद एकाचा. त्याला कुंभकर्ण म्हणत, कारण तो नेहमी रात्रपाळी उरकून यायचा आणि वर्गात डुलक्या काढायचा. आजही डोळे लालभडक होते.

प्रोब फिरू लागला. गोटीच्या मागे काळी सावली पडली, ती एकीनं पटकन ओळखली. पाण्याचं बोट काळं दिसलं आणि त्याच्या मागचा भाग उजळ, म्हणजे आत द्रव. नळीच्या दोन समांतर रेघा मिळाल्या.

"शाब्बास. झालं," बाई म्हणाली.

"मॅडम, अजून एक आहे," कुंभकर्ण म्हणाला. प्रोब त्याच्या हातात होता. "नळीच्या खाली, तळाशी. चकचकीत रेघ."

"ते भूत आहे रे. ध्वनी नळीच्या भिंतींमध्ये आपटत राहतो, उशिरा परत येतो. मशीन बिचारं भाबडं. उशिरा आला म्हणजे खोलवरून आला, असं समजतं आणि तिथे रेघ काढून मोकळं होतं."

"भुताला वाक कसा, मॅडम? नळी तर सरळ आहे."

वर्गात खसखस पिकली. बाईचे कान तापले. मागे प्रमुख पुढे झुकले होते.

"अरे, मी माझ्या हातानं तीनच टाकल्यात."

"पेशंटही सांगतात, पोटात काही नाही म्हणून. आपण बघतोच ना?"

आता मात्र सगळेच हसले. बाईला राग यायला हवा होता. आला नाही. "मग सिद्ध कर," ती म्हणाली.

त्यानं भांडं ट्रेवर उपडं केलं. जेली थलथलत बाहेर आली. तिला जेल फासून त्यानं प्रोब वरून न लावता बाजूनं लावला, तळ जिथे होता त्याच्या जवळून. "आता ध्वनीच्या वाटेत नळीच नाही. भूत असतं तर पळालं असतं. हे बघा, ही जागची हललेली नाही."

पडद्यावर वाकडी रेघ ठाम बसून होती. बाईनं ती नीट न्याहाळली, मग सुरी उचलून त्याच्याकडे दिली.

आतून निघाला प्लॅस्टिकचा छोटा चमचा. इसबगोलच्या डब्यात असतो तो.

"अगं बाई! बाबा!" ती ओरडली आणि हसत सुटली, इतकी की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "हरले. साफ हरले. तीन नाही, चार. लिहून घ्या सगळ्यांनी, मॅडम चुकल्या."

प्रमुख उठून पुढे आले. चमचा बोटांत फिरवत त्यांनी कुंभकर्णाला विचारलं, "तू रात्रपाळी करून आलास ना? झोपला कसा नाहीस?"

"झोपणारच होतो, सर. पण मॅडम चुकताहेत असं वाटायला लागलं. मग झोप कुठली येतेय!"

प्रमुखांनी चमचा ट्रेमध्ये ठेवला. मग बाईकडे वळले. "त्या कंपनीला मी नको म्हणून कळवतो. रेकॉर्डिंगशी हा असा भांडला नसता."

बाईनं मान डोलावली आणि ट्रेमधली जेली भांड्यात गोळा करू लागली.

"पुढच्या सोमवारी काय आहे?" प्रमुखांनी विचारलं.

"एमआरआय."

त्यांनी मानेवरून हात फिरवला. "खरं सांगू? ते स्पिन वगैरे मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. आलो तर चालेल?"

"या की, सर. पण नुसतं बसता येणार नाही. प्रश्न विचारावा लागेल."

"पुढच्या सोमवारपर्यंत कशाला थांबू?" प्रमुखांनी पहिल्या रांगेतली खुर्ची ओढली. "त्या पाण्याच्या बोटामागची जागा उजळ का दिसते, ते मला आत्ताच नीट सांगा."

तास केव्हाच संपला होता. बाईनं फळा पुसला आणि नवा खडू घेतला.