तेच वाक्य, दुसऱ्या तोंडून

आमच्या वन्संना भीती वाटली की उचकी लागते. पाल दिसली तरी लागते, भलत्या वेळी दारावरची बेल वाजली तरी लागते. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांना लहानपणापासून भागूबाई म्हणतो. भित्री भागूबाई. अशी बाई नर्सिंगच्या संस्थेत शिकवते हे एक नवल, आणि तिथे तिला नेतृत्व हा विषय दिला हे त्याहून मोठं. विषय मिळाल्याचं वन्संनी जेवताना सांगितलं, तेव्हा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. ते बघून वन्संना उचकी. मी दोघांपुढे पाण्याचे पेले सरकवले.

"नेतृत्व म्हणजे नक्की काय शिकवणार तुम्ही?" मी विचारलं.

"वॉर्डात पेशंट कोसळला, तर कुणी बोलायचं आणि बाकीच्यांनी कुणाचं ऐकायचं. तेवढंच."

तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

त्यांच्या सरावाच्या खोलीत लोखंडी खाटा आहेत, खाटांभोवती पडदे आहेत आणि एका खाटेवर रबराचा पुतळा आहे. त्याला पोरी मामा म्हणतात. मामा वर्षाला शेकडो वेळा मरतो आणि परत उठवला जातो. वन्संनी पद्धत अशी बसवली होती: तास चालू असताना मधेच, न सांगता, घंटा वाजवायची. घंटेची पाळी जिची असेल तिने वाजवायची, बाईंनासुद्धा आधी सांगायचं नाही. घंटा झाली की पहिल्या बाकावरच्या मुलांनी मामाकडे धावायचं. प्रमुख कोण ते ठरवून द्यायचं नाही. बाकीच्यांनी भिंतीला टेकून फक्त एकच गोष्ट बघायची, की धावलेल्यांचे डोळे कुणाकडे जातात.

डोळे प्रत्येक वेळी खांबाकडे गेले. खांब म्हणजे वर्गातला एकटाच मुलगा, उंच, गोरापान. स्वभावाने गरीब, पण नाडी कुठे धरायची ते तिसऱ्या प्रयत्नाला सापडायचं त्याला. तरी सगळ्या पोरी तो काय म्हणतो म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या, आणि तेवढ्यात मामाचा जीव जायचा.

मग वन्संनी एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून म्हणवून घ्यायला सुरुवात केली. "मागे व्हा सगळे. तू डॉक्टरांना फोन कर, तू पडदा ओढ. छाती मी दाबतो." खांब हे बोलला तेव्हा वर्ग म्हणाला, शांत डोक्याचा आहे. त्याच आवाजात, त्याच वेगात एका गोऱ्या मुलीने म्हटलं, तर वर्ग म्हणाला, जरा कटकटी वाटते. मग कुरळ्या केसांची म्हणून जिला कुरळी म्हणतात, तिने म्हटलं. वर्ग म्हणाला, उद्धट.

कुरळीचे आजोबा बंदरावर ओझी वाहायला म्हणून समुद्रापलीकडून बोटीतून आणलेले. तिचा बाप इथे जन्मला, ती इथे जन्मली, तरी तिचा काळा रंग आणि केस बघून अजून लोक विचारतात, मूळची कुठली गं तू?

"काय बदललं?" वन्संनी वर्गाला विचारलं. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "उद्धट मीच म्हणाले. आणि ती माझी मैत्रीण आहे."

हे सगळं वन्संनी मला भाजी निवडताना सांगितलं. मी म्हटलं, छान शिकवता की. त्या म्हणाल्या, "ऐक तर पुढे. तास संपल्यावर कुरळी आली. म्हणाली, मॅडम, मला नका उभं करत जाऊ. तुमचा तास संपतो, माझा संपत नाही." आणि निवडलेली भाजी त्यांनी देठांच्या ढिगात टाकली. मी परत वेचून घेतली. त्यानंतर कुरळी स्वतःहून बोलल्याशिवाय तिला बोलतं करायचं नाही, असं वन्संनी ठरवून टाकलं.

पण ठिणगी पडली ती भलतीकडेच. खांबाने घरी जेवताना सहज सांगितलं, "बाबा, सगळ्या माझ्याकडे बघतात ते मला येतं म्हणून नाही. मी मुलगा आहे आणि गोरा आहे म्हणून." त्याचे वडील संस्थेच्या मंडळावर. दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी, म्हणजे संस्थेच्या मुख्य बाईंनी, वन्संना खोलीत बोलावलं.

"तुमचं खरंही असेल. पण माझ्या संस्थेत मुलांनी एकमेकांचे रंग बघत बसावेत हे मला नको."

"बघतातच मॅडम ती. मी फक्त..." आणि उचकी.

"सोमवारी मंडळाची माणसं तुमच्या तासाला बसणार आहेत. थोरांचे गुण वगैरे घ्या काहीतरी. नाहीतर विषय काढून घ्यावा लागेल. आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं मग मी काही सांगू शकत नाही."

घरी नवऱ्याने निकाल देऊन टाकला. "घे की गुण. धैर्य घे. भागूबाईचं धैर्यावर व्याख्यान! मंडळाची करमणूक होईल."

वन्सं हसल्या नाहीत. ताट तसंच ठेवून उठल्या. मी मागच्या खोलीत गेले तर त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, परक्या घरी माणूस बसतं तशा. त्यांचे यजमान वारल्यापासून त्या आमच्याकडे राहतात. सकाळी आमच्या आधी बाहेर पडतात, संध्याकाळी दमून येतात, आणि दमून आलेल्या माणसाला घरात कुणी काही विचारत नाही.

"वहिनी, नोकरी गेली तर दिवसभर घरात दिसेन मी. मग ओझं होईन."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. पण म्हणायला क्षणभर उशीर झाला, आणि तो त्यांना कळला.

सोमवारी त्या एकट्या जायला तयार होईनात म्हणून मी सोबत गेले. शिपायाने मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. शेजारच्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं, आणि पहिलीच गोष्ट दिसली ती बघून मी उठूनच उभी राहिले. मामा खाटेवर तयार निजला होता, पडदा अर्धा बाजूला केलेला. तास बदललाय हे वन्संनी वर्गाला सांगितलंच नव्हतं! का म्हणून पोरींनी विचारलं तर काय सांगणार, या भीतीने शुक्रवारी गप्प राहिल्या, आणि सोमवारी पोरींनी नेहमीसारखी मांडामांड करून ठेवली.

मागे खुर्च्यांवर मंडळ. मधे खांबाचे वडील, मुलासारखेच ताडमाड. एका बाजूला पेंगुळलेले म्हातारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या बाई. दाराशी मोठ्या मॅडम.

वन्संनी फळ्यावर 'धैर्य' लिहिलं आणि खडू मोडला. त्या बोलू लागल्या. आवाज इतका बारीक, की पोरी पुढे वाकून ऐकत होत्या. घंटा कुणाकडे आहे ते मी शोधत होते. कोपऱ्यातल्या एका ठेंगण्या मुलीच्या मांडीवर दिसली. नको गं बाई, आज नको, असं मी खिडकीतून मानेने म्हणत राहिले. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

तिने घंटा वाजवली.

पहिला बाक धावला. त्यात खांब होता, कुरळी होती. सगळ्यांचे डोळे खांबाकडे. खांबाने वडिलांकडे बघितलं, छाती पुढे काढली, तोंड उघडलं. शब्द आला नाही. पोरी थांबल्या. मामा रबराचा आहे हे माहीत असून मी मनात सेकंद मोजू लागले.

"मागे व्हा सगळे," कुरळी म्हणाली. "तू डॉक्टरांना फोन कर, तू पडदा ओढ. छाती मी दाबते." आणि दाबायला लागली.

"अगं बाई, काय उर्मट!" पर्सवाल्या बाई शेजारी वाकून पुटपुटल्या. पुटपुटणं खिडकीपर्यंत आलं.

अख्ख्या वर्गाने वन्संकडे बघितलं. वाक्याला नाव ठेवलं की ते वाक्य दुसऱ्या तोंडून ऐकायचं, हा त्यांच्या तासाचा नियम. वन्संनी फक्त फळ्याकडे वळायचं होतं. चला, धैर्याकडे येऊ, एवढंच म्हणायचं होतं. वळा ना, मी मनात म्हणत होते. त्यांनी खाटेचा दांडा धरला.

"आमच्या... आमच्या तासाला एक नियम आहे," त्या म्हणाल्या. उचकी लागली. त्या थांबल्या आणि परत बोलल्या. "खांबा, तेच वाक्य तू म्हण बघू. तिच्याच आवाजात."

खांब पांढरा पडला. पण म्हणाला. शब्द तेच, वेग तोच. त्याच्या वडिलांची मान अभिमानाने हलली, त्यांच्याही नकळत. आणि पर्सवाल्या बाई म्हणाल्या, "हं, हे कसं!"

"काय बदललं?" वन्संनी विचारलं. या वेळी खुर्च्यांना.

म्हातारे डॉक्टर खोकले. खांबाचे वडील आधी लाल झाले, मग उठले. कुरळीचे हात अजून मामाच्या छातीवर होते. ती माणसांकडे बघत नव्हती, सुटायची वाट बघावी तशी दाराकडे बघत होती.

"हा तास बंद," वडील बाहेर येऊन मोठ्या मॅडमना म्हणाले. खांब त्यांच्या मागे आला होता. "बाबा, मला खरंच काही सुचलं नव्हतं. तिला सुचलं."

"घरी चल, बोलू," ते म्हणाले. ते कसं बोलणं असणार हे पोराच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मंडळ गेल्यावर मोठ्या मॅडम आत आल्या. "विषय मी काढून घेतेय. नेमणुकीचं पुढे बघू." वन्संनी मान हलवली, तशा मॅडम व्हरांड्यात निघून गेल्या. मी आत जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले. पोरी निघून गेल्या होत्या, कुरळी तेवढी राहिली होती.

"मॅडम, मी केलं ते बरोबर होतं? पेशंटच्या दृष्टीने?"

"बरोबर होतं. जरा उशीर झाला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते ना."

"तुम्हीसुद्धा?"

वन्संचा चेहरा उतरला. "मीसुद्धा."

कुरळीला राग येईल असं वाटलं. ती खाटेवरची चादर नीट करत राहिली. "आता हा तास नाही. मग उद्या मी असंच बोलले आणि कुणी उद्धट म्हणालं, तर तेच वाक्य तू म्हण बघू असं दुसऱ्या कुणाला कोण सांगणार?"

वन्सं एकदम मोठ्या मॅडमच्या मागे व्हरांड्यात गेल्या. मी घाबरून त्यांच्या मागे.

"मॅडम, पट्ट्या बांधायचा तास माझ्याकडे आहे ना अजून?"

"आहे."

"त्या तासाला घंटा झाली तर?"

"कशासाठी?"

"पेशंट कोसळायचा तर काय, कुठल्याही तासाला कोसळतो."

मोठ्या मॅडमनी जिन्याकडे बघितलं. खालून गाडीची दारं लागल्याचा आवाज आला. "मला काही ऐकू येता कामा नये," त्या हळू म्हणाल्या.

"घंटा आहे मॅडम. ऐकू तर येणारच."

एवढं बोलून वन्संनी हात पाठीमागे नेऊन माझं मनगट असं आवळलं, की त्यांची बोटं माझ्या हाडात रुतली. मोठ्या मॅडम नाही न म्हणताच जिन्याकडे वळल्या, तोवर त्यांनी ते सोडलं नाही.