खानावळीतले छोटे ग्लास

माझा स्वभाव तापट. आज कुणी तसं म्हटलं तर हसून कबूल करते, पण तेव्हा तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. नव्वदच्या आगेमागे भवानीनगरला, साखर कारखान्याच्या वाटेवर, मी खानावळ चालवायचे. मी आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर, त्यामुळे खानावळ अख्खी माझी. लग्नानंतर माझं म्हणावं असं ते एकच काही होतं, आणि त्याला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं.

हंगाम संपला की कारखाना थांबतो आणि आत मशिनी उघडून दुरुस्ती चालते. त्या कामाला बाहेरगावचे फिटर येऊन राहायचे. त्यांची दुपारची तीस ताटं माझ्याकडं लागली होती. ती गेली असती तर पुढच्या हंगामापर्यंत चूल थंडच. त्यांचा म्होरक्या एक म्हातारा फिटर, त्याला सगळे आबा म्हणायचे. आबांनी पहिल्याच दिवशी रस्त्यापलीकडच्या खानावळीकडं बोट करून सांगितलं होतं, "ताई, भाजी कशी का असंना, जेवताना पाण्याची वाट बघाया लावू नगा. न्हायतर आमी समोर."

आणि नेमकी त्या उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी लांबली, विहिरीचा पाझर आटला. मागच्या विहिरीवरची मोटर सकाळी दोन बॅरल भरायची, ती दीडावर आली, मग एकावर. त्या एकात स्वयंपाक, पिणं, हात धुणं, भांडी, सगळं. मी ताटं राखेनं घासून दोन बादल्यांत खंगाळू लागले. तांदळाचं धुवण म्हशीला जाऊ लागलं. बॅरलकडं तर मी कुणाला फिरकूही देत नव्हते, आत्याबाईंनासुद्धा नाही. पाणी आटलंय असं सांगायचं म्हणजे आपल्या हातानं दाराला कुलूप लावायचं, अशी माझी समजूत.

पण गिऱ्हाईक बसलं की त्याच्यापुढं आधी काठोकाठ भरलेला मोठा स्टीलचा ग्लास ठेवायचा, ही आमची रीत. माणूस त्यातलं अर्धं प्यायचा आणि उरलेलं ताटात ओतून हात धुवायचा. ते बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटी मी इंदापूरच्या बाजारातून लग्नात सरबत देतात तसले छोटे ग्लास आणले. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या दिवशी भाजीत मीठ टाकायचं विसरले.

पहिल्या पंगतीला पंधरा माणसं बसली. एकानं ग्लास उचलून डोळ्यासमोर धरला आणि विचारलं, "ताई, ह्ये पाणी हाय का डोळ्यात घालायचं औषध?" एका घोटात ग्लास रिकामा, की पुन्हा हाक. आता पाणी वाढायच्या आत्याबाई, आणि त्यांचा नियम पक्का. उष्ट्या ग्लासाला पाण्याचा जग लावायचा नाही, जग उष्टा होतो. मोठ्या ग्लासाच्या वेळी हा नियम कधी आडवा आला नव्हता, कारण दुसरा ग्लास कुणी मागतच नव्हतं. आता दर हाकेला नवा ग्लास निघाला. बघता बघता मोरीत ग्लासांचा ढीग पडला, आणि ते विसळता विसळता बॅरल कधी तळाला गेलं, मला कळलंसुद्धा नाही.

दुसरी पंगत आबांची. माणसं काळे तेलकट हात घेऊन बसली, मी तांब्या बॅरलमध्ये घातला आणि तो तळाला खणकन वाजला.

भीती वाटली की मला राग येतो. मी सगळ्यांदेखत आत्याबाईंवर ओरडले, "तुमच्या उष्ट्याखरकट्यानं माझी खानावळ बुडवली."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "आगं, पाणी आटलंय ह्ये मला तरी सांगितलंस का? मला वाटलं, नव्या ग्लासांची हौस आलीया."

आबा उठले. ते दाराकडं न जाता बॅरलपाशी आले आणि आत वाकून बघितलं.

"आटलं व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. दोन आठवडे गिळलेला शब्द तेव्हा बाहेर पडला.

"मग सांगायचं की, ताई. पहिल्या पंगतीची माणसं म्हणत हुती, बाई आपल्याला पाणी मोजून देती, उद्यापासनं समोर जाऊ. पाणीच कमी हाय म्हटल्यावर कोण कशाला जाईल?"

कारखान्यात हाताचं ग्रीस ते लाकडाच्या भुशानंच काढायचे. दोघं जाऊन भुसा घेऊन आले, सगळ्यांनी हात चोळून पुसले आणि जेवले. माठात होतं तेवढं पाणी आबांनी स्वतः वाटलं, आणि कुणी वर मागितलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासनं मी दारातच सांगू लागले, "आज एकच बॅरल हाय." सांगताना कान तापायचे. मोठे ग्लास पुन्हा काढले, पण रिकामे ठेवायचे. ज्यानं त्यानं लांब दांड्याच्या ओगराळ्यानं लागेल तेवढंच उंचावरून ओतून घ्यायचं, म्हणजे आत्याबाईंचा नियमही शाबूत. ग्लास जेवण होईपर्यंत एकच. हात बाहेर धुवायचे, कढीपत्त्याच्या बुडाशी. बॅरलमध्ये वीतभर पाणी उरू लागलं.

चौथ्या दिवशी आबा आले ते पाच नवी माणसं घेऊन. मी कमरेवर हात ठेवले.

"आबा, पाणी न्हाय म्हणून सांगून माझा घसा बसला, आणि तुमी माणसं वाढवून आणता?"

त्या पाचांतला एकजण चपला काढत म्हणाला, "आमी समोर जेवायचो, ताई. तितं बी पाणी न्हाय. पर रोज म्हणत्यात, बसा, येतंयच. तुमी निदान न्हाय तर न्हाय म्हणता."

मी कमरेवरचे हात खाली घेतले. आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि आणखी पाच ताटं मांडायला घेतली.